तापलेल्या तुळईत छिद्रांचे काम काय?

तोंडी परीक्षेत मी बरीच वर्षे एक प्रश्न विचारत आलो आहे. एकाच मापाच्या आणि एकाच मूळ द्रव्याच्या दोन तुळया घ्या, एक भरीव आणि दुसरी सच्छिद्र. दोन्ही साध्या आधारांवर, म्हणजे टोके नुसती टेकवून, ठेवा आणि दोन्हींच्या वरच्या पृष्ठभागाचे तापमान खालच्या पृष्ठभागापेक्षा सारखेच, समजा २० अंशांनी, जास्त ठेवा. जास्त कोणती वाकेल? मुंबईतील अभियांत्रिकीचे बहुतेक विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता सच्छिद्र तुळईचे नाव घेतात आणि कारण विचारले की ती कमकुवत असते, असे सांगतात. प्रत्यक्षात दोन्ही अगदी सारख्याच वाकतात. हे ऐकल्यावर हुशार विद्यार्थ्यांचाही चेहरा पडतो, कारण छिद्रे वाढली की ताठपणा कमी होतो हे त्यांचे गृहीतक शंभर टक्के बरोबर असते. फक्त त्या ताठपणाचा या प्रश्नाशी संबंध नसतो.

भार पडल्यामुळे येणारा बाक आणि उष्णतेमुळे येणारा बाक या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सच्छिद्र तुळयांच्या बाबतीत हा भेद सर्वांत ठळकपणे दिसतो. भाराखाली तुळई किती वाकेल हे तिच्या यंगच्या गुणांकावर, म्हणजे द्रव्याच्या ताठपणाच्या मापावर, अवलंबून असते. एकमेकींना जोडलेल्या उघड्या छिद्रांच्या फोममध्ये हा गुणांक सापेक्ष घनतेच्या (फोमची घनता भागिले भरीव द्रव्याची घनता) वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे घनता निम्मी झाली की ताठपणा साधारण एक-चतुर्थांश उरतो. प्रसरणांकाचे, म्हणजे तापल्यावर द्रव्य किती वाढते या मापाचे, मात्र तसे नाही. छिद्र रिकामे असेल आणि संपूर्ण पदार्थ सारखाच तापला असेल, तर छिद्राचा आकारही भोवतालच्या द्रव्याच्याच प्रमाणात वाढतो, जणू त्या जागी तेच द्रव्य भरलेले आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवणारा लोहार याच गोष्टीचा उपयोग करतो. तो धाव लालबुंद तापवतो, तिच्या आतली पोकळी मोठी होते, ती लाकडी चाकावर बसते आणि पाणी ओतल्यावर आवळते. एका मोठ्या छिद्राला जे लागू आहे, तेच लाखो सूक्ष्म छिद्रांनाही लागू आहे. म्हणून ॲल्युमिनियमच्या फोमचा प्रसरणांक भरीव ॲल्युमिनियमइतकाच, म्हणजे दर अंशाला एक मीटरमागे सुमारे २३ मायक्रोमीटर, असतो.

आता तुळईकडे वळू. वरचा थर जास्त प्रसरण पावतो, खालचा कमी, आणि ही तफावत जाडीभर सरळ रेषेत बदलत असेल तर तुळई कोणत्याही अंतर्गत प्रतिबलाशिवाय (आतल्या आत निर्माण होणाऱ्या ताण-दाबाशिवाय) वरच्या बाजूला कमानीसारखी उचलली जाते. तिची वक्रता म्हणजे प्रसरणांक गुणिले तापमानातील फरक, भागिले जाडी. साध्या आधारांवरील तुळईच्या मध्यभागी होणारे विस्थापन म्हणजे ही वक्रता गुणिले गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधील अंतराचा, वर्ग, भागिले आठ. या दोन्ही सूत्रांत यंगचा गुणांक कोठेही येत नाही. पोलाद असो, फोम असो, काँक्रीट असो. प्रसरणांक, जाडी, लांबी आणि तापमानातील फरक सारखे असतील तर बाकही सारखाच असतो.

मग छिद्रांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि फार मोठा आहे. पण तो भलत्याच दारातून आत येतो. वरच्या प्रश्नात मी दोन्ही तुळयांच्या पृष्ठभागांतील तापमानाचा फरक स्वतःच ठरवून दिला होता, आणि गोम तेथेच आहे. उन्हात ठेवलेल्या तुळईला तो फरक कोणी आयता आणून देत नाही, तो तिचा तिलाच निर्माण करावा लागतो, आणि छिद्रे ही उष्णतेची वाट अडवणारी असल्यामुळे सच्छिद्र तुळई हा फरक कितीतरी मोठा करते.

उदाहरण म्हणून मुंबईत आज घरोघरी भिंतींत असलेले एएसी (ऑटोक्लेव्हड एरेटेड काँक्रीट), म्हणजे वायूने फुगवलेले काँक्रीट, घेऊ. साइटवर त्याला अजून सर्रास सिपोरेक्स म्हटले जाते. सिमेंट, चुना, राख किंवा वाळू यांच्या ओल्या मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड टाकली की हायड्रोजन वायू सुटतो, मिश्रण फुगते आणि मग ते वाफेच्या दाबाखाली ऑटोक्लेव्हमध्ये पक्के केले जाते. त्याच्या आकारमानाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पोकळी असतो. नेहमीच्या काँक्रीटचे वजन घनमीटरला २४०० किलोच्या आसपास असते, याचे ६०० किलोच्या आसपास. यंगचा गुणांक सुमारे २ गिगापास्कल, म्हणजे नेहमीच्या काँक्रीटच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. प्रसरणांक मात्र दर अंशाला मीटरमागे सुमारे ८ मायक्रोमीटर. काँक्रीटच्या १० च्या तुलनेत थोडासाच कमी, आणि तोही छिद्रांमुळे नव्हे, तर मूळ द्रव्य वेगळे असल्यामुळे. उष्णता संवाहकता मीटर-अंशाला ०.१५ वॅटच्या आसपास, काँक्रीटची १.६ धरली तर दहापटींहून अधिक फरक.

आता १५० मिलिमीटर जाडीचे दोन छतफलक कल्पावे, एक एएसीचा आणि एक नेहमीच्या काँक्रीटचा, दोघांचा गाळा ३ मीटर. उन्हाचा परिणाम धरून बाहेरचे परिणामी तापमान आणि खोलीतील हवा यांत ३० अंशांचा फरक आहे, असे मानू. हे ३० अंश बाहेरच्या पृष्ठभागालगतची हवा, फलक आणि आतल्या पृष्ठभागालगतची हवा यांच्यात त्यांच्या त्यांच्या रोधाच्या प्रमाणात वाटले जातात. काँक्रीटचा स्वतःचा रोध फारच थोडा, त्यामुळे त्याच्या वाट्याला जेमतेम ९ अंश येतात. एएसीचा रोध मोठा, त्यामुळे त्याच्या वाट्याला २५ अंशांच्या जवळपास. सूत्रात आकडे घातले की काँक्रीटचा फलक मध्यभागी सुमारे ०.७ मिलिमीटर उचलला जातो आणि एएसीचा सुमारे १.५ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट. विद्यार्थ्याचे उत्तर अशा वेळी बरोबर ठरते, पण त्याने दिलेले कारण चुकीचेच राहते. सच्छिद्र फलक जास्त वाकला तो अशक्त होता म्हणून नव्हे, तर घर थंड ठेवण्याचे आपले काम त्याने चोख बजावले म्हणून.

वेळेचा हिशोबही याच बाजूने झुकतो. जाडीभर तापमान स्थिरावायला लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि उष्णता प्रसारकतेच्या (तापमानातला बदल द्रव्यात किती झपाट्याने पसरतो त्या मापाच्या) व्यस्त प्रमाणात असतो. वरच्या आकड्यांनुसार काँक्रीटच्या फलकाला सुमारे पाऊण ते एक तास लागतो आणि एएसीच्या फलकाला अडीच तास. सूर्य कलला तरी एएसीच्या फलकाचा बाक रेंगाळतो आणि दुपारच्या उन्हाचा हिशोब तो तिन्हीसांजेपर्यंत चुकता करत असतो.

याहून ढळढळीत उदाहरण म्हणजे पफ पॅनेल. दोन बाजूंना अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पोलादी पत्रा आणि मध्ये पॉलियुरेथेनचा फोम, अशी ही तुळई मुंबईत शीतगृहांपासून बांधकामावरच्या साइट ऑफिसपर्यंत आणि इमारतींच्या गच्च्यांवरील शेडपर्यंत सर्वत्र दिसते. एप्रिल-मेच्या दुपारी गडद रंगाचा वरचा पत्रा ६५–७० अंशांपर्यंत तापतो आणि खालचा पत्रा ३५ च्या आसपास राहतो. पॅनेल ५० मिलिमीटर जाड आणि गाळा ४ मीटरचा असेल, तर पोलादाचा प्रसरणांक १२ धरून मध्यभागी येणारे विस्थापन १७ मिलिमीटरच्या घरात जाते. हे कागदावरचे गणित नव्हे. पॅनेलच्या पोटाशी एका आधारापासून दुसऱ्या आधारापर्यंत गवंड्याची लाइनदोरी ताणून बांधली तर सकाळी ती पत्र्याला टेकलेली असते आणि दुपारी दोनच्या सुमारास मध्यभागी दोरी आणि पत्रा यांच्यात बोट सहज शिरते. ढगाची सावली सरकली की छत टकटक वाजू लागते, कारण अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा मिनिटाभरात थंड होतो आणि फोमला मात्र त्या बदलाची दखल घ्यायलाही सवड नसते. जुन्या शेडमध्ये आधाराजवळचे स्क्रू पाहावेत. त्यांच्या रबरी वॉशरखाली पत्र्यातले मुळात गोल असलेले भोक लांबट झालेले दिसते, रोजच्या येण्याजाण्याने घासून. छतावर पांढरा रंग दिला की हा सगळा खेळ निम्म्यावर येतो. मुंबईत गच्चीवरच्या शेडसाठी गर्द निळा किंवा विटकरी पत्रा का निवडतात, हे मला अजून उमगलेले नाही.

या पॅनेलमध्ये फोमचा ताठपणा बाकाच्या सूत्रात येत नाही, पण पॅनेल तीन आधारांवर सलग टाकले की तो लगेच येतो. मधला आधार त्या उचलल्या जाणाऱ्या पॅनेलला खाली ओढून धरतो, त्यामुळे आधीच तापलेल्या वरच्या पत्र्यात त्या जागी दाब निर्माण होतो आणि दाब हाताबाहेर गेला की पत्र्याला आडवी सुरकुती पडते. सुरकुती पडण्याचे प्रतिबल हे पत्र्याचा गुणांक, फोमचा गुणांक आणि फोमचा कर्तन गुणांक (थर एकमेकांवर सरकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप) या तिघांच्या गुणाकाराच्या घनमुळावर अवलंबून असते. म्हणजे फोम आठपट ताठ केला तर पत्र्याची सहनशक्ती आठपट नव्हे, चौपट होते. एकदा अडवणूक आली की यंगचा गुणांक पुन्हा गणितात शिरतो, हा त्यातला मुख्य मुद्दा.

अडवणुकीचे शुद्ध रूप पाहायचे तर लोकलच्या रुळांकडे पाहावे. रूळ सच्छिद्र नसतात, पण दोन्ही टोकांनी जखडलेल्या तापत्या तुळईचे याहून चांगले उदाहरण शहरात नाही. सलग जोडलेला, मीटरमागे ६० किलोचा रूळ लांबीत वाढू शकत नाही, त्यामुळे तापमानाच्या दर अंशामागे त्यात सुमारे १.९ टन दाब साठतो. जोडणीच्या वेळच्या तापमानापेक्षा तो ३० अंशांनी तापला की दाब ५५ टनांच्या पुढे जातो, मग रूळ एक किलोमीटर लांब असो वा दहा. उन्हाळ्यात रुळांवर खास गस्त घातली जाते ती याचसाठी, कारण हा दाब मर्यादेबाहेर गेला तर रूळ एकाएकी आडवा बाक घेतो.

सच्छिद्र तुळई अशी जखडली तर काय होते? तिचा गुणांक कमी, म्हणून तिच्यात साठणारा दाबही कमी. पण त्याच कमी गुणांकामुळे बाकाला तोंड देण्याची तिची क्षमताही तेवढ्याच प्रमाणात घटते. दोन्ही गोष्टी एकाच मापाने कमी झाल्यामुळे ज्या तापमानाला तुळई बाक घेईल ते तापमान बदलतच नाही. बिजागरी टोकांच्या, आयताकृती छेदाच्या आणि जाडीच्या शंभरपट लांब असलेल्या पोलादी पट्टीसाठी ही तापमानवाढ फक्त ७ अंशांच्या आसपास निघते, लांबी जाडीच्या पन्नासपट असेल तर सुमारे २७ अंश. छिद्रे सर्वत्र सारखी पसरलेली असतील तर त्याच द्रव्याच्या फोमच्या पट्टीसाठीही हेच आकडे येतात. येथेही यंगचा गुणांक काटला गेला.

‘सर्वत्र सारखी’ हे दोन शब्द काढून टाकले की विषयाला खरा रंग चढतो. छिद्रे जाडीच्या मध्यभागी दाट आणि दोन्ही पृष्ठभागांकडे विरळ होत गेलेली असतील, तर तुळईच्या वाकण्याला होणाऱ्या विरोधात मोठा वाटा असणारे बाहेरचे थर शाबूत राहतात आणि मधल्या भागातून, जेथे द्रव्य असून नसल्यासारखे असते, तेथून ते काढून घेतले जाते. संशोधनपर लेखांत नेहमी वापरला जाणारा एक नमुना घेऊ: गुणांक मध्यभागी निम्मा, पृष्ठभागाशी पूर्ण, आणि अधेमधे कोज्या (कोसाइन) फलनाप्रमाणे बदलणारा. हिशोब केला तर लांबीच्या दिशेचा ताठपणा भरीव तुळईच्या ६८ टक्के उरतो, पण वाकण्याविरुद्धचा ताठपणा ८२ टक्के उरतो. दाब निर्माण होतो तो पहिल्याच्या प्रमाणात आणि विरोध होतो तो दुसऱ्याच्या प्रमाणात, त्यामुळे बाक येण्याचे तापमान भरीव तुळईपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी वाढते. द्रव्य काढून घेतल्यामुळे तुळई उष्णतेला जास्त टिकते, ही या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. छिद्रे पृष्ठभागांशी दाट आणि मध्यभागी विरळ केली की हाच हिशोब उलटा फिरतो.

एकाच बाजूला छिद्रे दाट असतील तर प्रकरण आणखी वेगळे. अशी तुळई मोकळी असेल आणि सर्वत्र सारखी तापली, तर ती मुळीच वाकत नाही, फक्त लांब होते, कारण प्रसरणांक सगळीकडे एकच आहे. पण तिची टोके मधल्या पातळीवर बिजागरीने जखडली की आधाराचा दाब मध्यावर राहतो आणि तुळईचे ताठपणाचे केंद्र मात्र भरीव बाजूकडे सरकलेले असते. दाब केंद्राबाहेर पडल्यामुळे ती पहिल्या अंशापासूनच हळूहळू वाकू लागते. तिच्यासाठी बाक येण्याचे निश्चित तापमान असे काही उरत नाही. तीच टोके पूर्ण घट्ट बसवली, म्हणजे वळूही दिली नाहीत, तर दाब केंद्राबाहेर पडल्याने येणारे हे जादा परिबल (तुळईला वळवू पाहणारा जोर) आधार पेलतात आणि तुळई एका ठरावीक तापमानापर्यंत सरळ राहते. केवळ टोकांची बसवणूक बदलल्याने वर्तनाची जातच बदलते. या विषयावरील लेखांत आलेखांचे ढीग असतात आणि त्या प्रत्येकाखाली टोकांची बसवणूक एका ओळीत उरकलेली असते. माझ्या मते ती ओळ आलेखांपेक्षा महत्त्वाची आहे.

मधोमध छिद्रे ठेवण्याच्या या युक्तीला एक किंमत मोजावी लागते. वाकणाऱ्या तुळईत कर्तनाचे प्रतिबल जाडीच्या मध्यावरच सर्वाधिक असते आणि आपण तेथलेच द्रव्य काढलेले असते. सपाट छेद वाकल्यानंतरही अक्षाला काटकोनातच राहतो, हे ऑयलर-बर्नुली सिद्धान्ताचे गृहीतक अशा तुळईत डळमळू लागते आणि स्टीफन टिमोशेंको यांनी १९२१ मध्ये मांडलेला, कर्तनाचा हिशोब धरणारा सिद्धान्त वापरावा लागतो. आखूड आणि जाड तुळईत तो वापरला की वर मिळालेल्या २० टक्क्यांपैकी काही भाग गळून पडतो.

उष्णतेमुळे होणाऱ्या प्रतिबलांचे गणित जुने आहे. ज्याँ-मारी द्युहामेल आणि फ्रांत्स नॉयमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच स्थितिस्थापकतेच्या समीकरणात तापमानाचे पद घातले होते. रिकाम्या छिद्रांना त्यात स्वतंत्र स्थान मिळायला मात्र दीडशे वर्षे लागली. स्टीफन कॉविन आणि जेस नन्झिआटो यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या रेषीय सिद्धान्तात पदार्थातील पोकळीचे प्रमाण हे विस्थापनासारखेच एक स्वतंत्र चल मानले गेले. त्याआधी अशी रिकामी छिद्रे म्हणजे बहुधा कमी झालेला गुणांक, एवढेच समजले जाई. आता छिद्रे भाराखाली स्वतः उघडतात आणि मिटतात आणि त्याचा हिशोब वेगळ्या समीकरणाने ठेवला जातो. १९८३ च्या त्या लेखात त्यांनी तुळईच्या शुद्ध नमनाचे, म्हणजे केवळ वाकण्याचे, उदाहरण सोडवले आहे. तुळई वाकली की दाबाच्या बाजूची छिद्रे मिटू पाहतात, ताणाच्या बाजूची उघडू पाहतात, आणि शेजारशेजारची छिद्रे एकमेकांपासून फार वेगळे वागू शकत नाहीत, या अटीमुळे एक अंतर्गत लांबी सिद्धान्तात येते. तुळईची जाडी त्या लांबीच्या आसपास आली की ती अपेक्षेपेक्षा जास्त ताठ भासते. १९८६ मध्ये रुमानियाचे डोरिन इएशान यांनी या सिद्धान्तात तापमान आणले. त्यात उष्णता दोन वाटांनी काम करते: एक नेहमीची, प्रसरणाची, आणि दुसरी थेट पोकळीच्या प्रमाणावर.

याचा एक परिणाम मला फार विलक्षण वाटतो. सच्छिद्र पट्टी कंप पावत असेल तर तिचे कंप किती वेगाने मरतील? छिद्रांच्या उघडमिटीत होणारे घर्षण एवढाच ऊर्जाक्षयाचा मार्ग असेल, तर एकमितीय प्रतिमानात कंप सामान्यतः मंद गतीने विरतात, घातांकी वेगाने नव्हे, असे रामोन किंतानिया यांनी २००३ मध्ये दाखवले. त्याच्या जोडीला उष्णतेचे वहन आले की क्षय घातांकी होतो, हे कासास आणि किंतानिया यांनी २००५ मध्ये सिद्ध केले. छिद्रांच्या घर्षणाला एकट्याने जे साधत नाही, ते उष्णतेच्या साथीने साधते. तापमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तडे आणि बाक येतात. येथे ते कंप शमवायला मदत करते.

एवढा वेळ मी छिद्रे रिकामी मानली, पण मुंबईत रिकामे छिद्र ही चैन आहे. जूनपासून पुढचे चार महिने प्रत्येक सच्छिद्र वस्तू पाणी पिऊन बसते, आणि पाण्याचा आकारमानातील प्रसरणांक भोवतालच्या काँक्रीटच्या जवळजवळ दहापट असतो. पाण्याने भरलेली तुळई वरून तापली की त्या बाजूचे पाणी छिद्रात मावेनासे होते, छिद्रांतील दाब वाढतो आणि तुळई तिच्या कोरड्या जुळ्या बहिणीपेक्षा जास्त कमान घेते. मग पाणी हळूहळू शेजारच्या छिद्रांकडे झिरपते, दाब ओसरतो आणि बाकही ओसरतो, तापमान तेच असले तरी. या झिरपण्याचे गणित मॉरिस बायो यांनी १९४१ मध्ये मांडले ते चिखलमातीच्या खचण्यासाठी, कार्ल टेरझागी यांच्या एकमितीय सिद्धान्ताला तीन मितींत नेण्यासाठी. भराव घालून समुद्रातून वर काढलेल्या आपल्या शहराच्या कितीतरी इमारतींचे पाये त्या गणिताच्या भरवशावर उभे आहेत. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच उष्मास्थितिस्थापकतेची मांडणी करताना दाखवले की त्या समीकरणांत तापमान जे काम करते, तेच सच्छिद्र पदार्थाच्या समीकरणांत द्रवाचा दाब करतो. तापलेली भरीव तुळई आणि पाण्याने भरलेली सच्छिद्र तुळई गणिताच्या दृष्टीने सख्ख्या बहिणी आहेत.

लाकडाची गोष्ट त्याहून गुंतागुंतीची. गिरगाव-दादरच्या जुन्या चाळींतील सागवानी तुळया या निसर्गाने घडवलेल्या सच्छिद्र स्थितिस्थापक तुळयाच होत. लाकडाचा प्रसरणांक धाग्यांच्या दिशेने काँक्रीटच्याही निम्म्याहून कमी असतो आणि आडव्या दिशेने त्याच्या कित्येक पट. पण उष्णता लाकडाला नुसते प्रसरण देत नाही, ते वाळवतेही. तापमान २० अंशांनी वाढले तर आडव्या दिशेने होणारे प्रसरण शेकड्यात पाच-सहा शतांश भरते. त्याच वेळी लाकडातला ओलावा एक टक्क्याने घटला तर आकुंचन शेकड्यात एक ते दोन दशांश होते. म्हणून मे महिन्यात तुळई आणि भिंत यांच्यातली फट मोठी होते आणि श्रावणात बुजते. चाळीतली म्हातारी माणसे उन्हाने लाकूड आवळते असे सांगत, ते भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील प्रसरणाच्या धड्याशी जुळत नसले तरी खरेच होते.

शेवटी वळवाच्या पावसाचा विचार करू. मेअखेरीची भर दुपार, गच्चीवरचा पृष्ठभाग हात टेकवता येणार नाही इतका तापलेला, आणि अचानक सर येते. वरचा थर काही मिनिटांत २०–२५ अंशांनी थंड होतो, खालचे थर तापलेलेच राहतात. आकुंचन पावू पाहणाऱ्या वरच्या थराला खालचे थर अडवून धरतात, त्यामुळे त्यात ताण येतो, आणि हा ताण गुणांक, प्रसरणांक आणि तापमानातील घट यांच्या गुणाकाराइतका असतो. पूर्ण अडवणूक मानली तर नेहमीच्या काँक्रीटमध्ये तो ६ मेगापास्कलच्या वर निघतो, जेव्हा त्याची ताण सोसण्याची शक्ती ३ च्या आसपास असते. एएसीमध्ये तो ०.४ मेगापास्कल निघतो आणि त्याची शक्तीही जवळपास तेवढीच, दाब सोसण्याच्या शक्तीच्या सुमारे एक-दशांश. प्रत्यक्षात काँक्रीटच्या पृष्ठभागाला खालून उष्णता वेगाने मिळत राहते, त्यामुळे तो इतका थंड होत नाही आणि त्याचा ताणही या आकड्याइतका चढत नाही. एएसीला तशी रसद मिळत नाही, त्यामुळे त्याला ताणाचा जवळजवळ पूर्ण आकडा सोसावा लागतो. म्हणून उघड्या एएसी फलकावर पाण्याला अडवणारा आणि उन्हाला परतवणारा पांढरा लेप पावसाळ्याआधी नव्हे, तर उन्हाळ्याआधी लावावा, म्हणजे फेब्रुवारीत. कंत्राटदार तो मेअखेरीस, पहिल्या सरीच्या भीतीने लावतात, आणि तोवर पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे उमटलेले असते.